भुवई नसलेली भुवई: ऑक्टोबरात सिरपूरला पक्षी बघायला जाताना

दिवाळीच्या आदल्या रविवारी भाच्याला घेऊन सिरपूर तलावावर गेले होते. अकरा वर्षांचा आहे, पक्ष्यांची चित्रं बघून बघून पाठ झालेली. काठावर उभा राहून त्याने पाच मिनिटं दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ही सगळी एकाच कंपनीची बदकं आहेत का?" समोर तेरा तपकिरी बदकं होती. मी मोठ्या तोऱ्यात त्याच्या वहीत लिहायला लावलं: थापट्या, मादी, १३. त्यातला 'थापट्या' बरोबर होता. 'मादी' मात्र मी ठोकून दिलं होतं, आणि ते कसं चुकलं ते कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

इंदूरला राहून पक्षी बघायला सुरुवात करायची असेल तर शरद ऋतूच निवडा, असं मी सगळ्यांना सांगते. डिसेंबर-जानेवारीत तलाव पक्ष्यांनी भरलेला असतो, पण तेव्हा एकाच वेळी पंचवीस जाती समोर येतात आणि नवखा माणूस गांगरतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरात पाहुणे हप्त्याहप्त्याने येतात. एका रविवारी एक नवी जात, पुढच्या रविवारी दोन. तेवढं झेपतं. अडचण एकच: या दिवसांत बहुतेक पक्षी आपल्या चांगल्या कपड्यांत नसतात, आणि मराठी नावं मात्र नेमकी त्या चांगल्या कपड्यांवरून पडलेली आहेत. म्हणून या लेखात मी रंगांबद्दल कमी आणि चोच, मान, शेपूट, चाल यांबद्दल जास्त बोलणार आहे.

कुठे आणि किती वाजता

राजवाड्याहून गंगवाल बसस्टँड, तिथून धार रोडने चंदन नगर ओलांडलं की सिरपूर. होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा तलाव साधारण १६१ हेक्टरचा, म्हणजे जवळजवळ चारशे एकर. २०२२ साली तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, २०२४ चा जागतिक पाणथळ दिन सरकारने इथेच साजरा केला, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही रामसरची पाणथळ-शहर मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. हे सगळं आपसूक झालेलं नाही. इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं या तलावाचा पिच्छा सोडला नाही, म्हणून आज तिथे घरांऐवजी पाणी दिसतंय.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: पावसाळ्यात काठोकाठ भरला तरी हा तलाव जेमतेम दोन मीटर खोल. उथळ पाण्यात डोकं खाली, बूड वर करून चरणाऱ्या बदकांना असंच पाणी लागतं. चांगला पाऊस झालेल्या वर्षी ऑक्टोबरात काठाचा चिखल पाण्याखाली असतो, त्यामुळे चिखलात चोच खुपसणारे पक्षी कमी दिसतात आणि बदकंही लांबवर पसरलेली असतात. नाराज होऊ नका, पाणी उतरलं की ती जवळ येतात.

ऑक्टोबरच्या मध्याला इंदूरला सूर्य साधारण ६:२५ ला उगवतो, नोव्हेंबरच्या मध्याला ६:४० ला. त्याच्या दहा मिनिटं आधी काठावर हजर राहायचं आणि नऊपर्यंत निघायचं. नऊनंतर पाण्यावर चकाकी येते आणि बदकं झोपतात. संध्याकाळी चार ते साडेपाच हीसुद्धा चांगली वेळ, फक्त नोव्हेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो हे लक्षात असू द्या. सकाळी असो वा संध्याकाळी, सूर्य पाठीशी ठेवा. सूर्याकडे तोंड करून पाहिलेलं प्रत्येक बदक काळं असतं. नवख्यांच्या निम्म्या चुका एवढ्यानेच टळतात.

सोबत काय न्यायचं

पूर्ण बाह्यांचा, मळखाऊ रंगाचा सदरा. पांढरा आणि भडक लाल नको. पूर्ण बाह्या पक्ष्यांसाठी नाहीत, डासांसाठी आहेत; ऑक्टोबरातलं इंदूर आणि डेंग्यू यांचं नातं जुनं आहे. टोपी, पाणी, लहान वही, पेन्सिल. पेन नको, दवाने ओल्या झालेल्या कागदावर ते रुसतं. बंद बूट घाला, कारण काठाला गवत वाढलेलं असतं आणि त्यात कोण असेल सांगता येत नाही. पहिल्या एक-दोन खेपांना एकटं जाऊ नका.

आता दुर्बीण. माझी पहिली दुर्बीण मी एका प्रदर्शनात घेतली होती, झूमवाली, खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेली. पंधरा मिनिटांत डोकं ठणकायचं. मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. खरं कारण असं की तिच्या दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या, आणि डोळे बिचारे दोन चित्रं जुळवता जुळवता दमत होते. म्हणून विकत घेताना दुकानाच्या दारात येऊन लांबची विजेची तार बघा. एका तारेच्या दोन दिसल्या तर दुर्बीण परत ठेवा.

८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो, म्हणून पहाटेच्या अंधुक प्रकाशातही चित्र स्वच्छ दिसतं. १०×५० ऐकायला भारी, पण हातात जड, आणि मोठं करते तेव्हा हाताची थरथरही मोठी करते. झूमवालीच्या वाटेला जाऊ नका.

ती डोळ्यांना जुळवणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दहातले आठ जण ते करत नाहीत. उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती कडी कुठे आली ते लक्षात ठेवा; यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दुमडा, चष्मा काढू नका.

दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधत बसायचं नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर तिथून हलू देऊ नका आणि दुर्बीण नजरेच्या वाटेत आणा. घराच्या गच्चीवर कबुतरांवर आठ दिवस सराव केलात तर तलावावर हसं होणार नाही.

पहिली वीस मिनिटं

काठावर पोचलात की चालू नका. एका जागी उभे राहा किंवा बसा. आपण येताना उडालेले किंवा दूर सरकलेले पक्षी परत जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. या वेळात नावं शोधायची नाहीत, गट पाडायचे. पाण्यावर तरंगणारे कोण, काठाशी पाय बुडवून उभे कोण, पाण्यातल्या पानांवर चालणारे कोण, बेशरमीच्या झुडपांत लपलेले कोण, वर घिरट्या घालणारं कोण. आभाळात भोवत्या दिसला, म्हणजे पंख उथळ व्हीसारखे धरून गवतावरून खालून जाणारा शिकारी, तर सगळी बदकं एकदम उडतील. तो क्षण सोडू नका, कारण पंखांवरची ठेवणीतली ठिगळं उडतानाच दिसतात.

आता बदकं, सावकाश

सुरुवात हळदी-कुंकू बदकापासून करा. हे इथलंच, बारमाही, आणि वर्षभर एकाच वेषात राहणारं. चोच काळी, टोकाला पिवळा ठिपका, आणि कपाळाशी चोचीच्या मुळाला दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावी. अंगाने मोठं, नर-मादी जवळजवळ सारखे, बसलेलं असताना पाठीच्या मागच्या भागात पांढरी पट्टी चमकते. हे बदक डोळ्यांत इतकं बसवा की ते तुमचं मोजमापाचं माप होईल. यापुढे प्रत्येक बदकाला विचारायचं: हळदी-कुंकवापेक्षा लहान की मोठं?

मग पाण्यावर बसण्याची ढब बघा. ज्यांची शेपूट पाण्याच्या वर उचललेली असते आणि जी उडताना जागेवरूनच उसळी घेतात, ती वरवर चरणारी बदकं. थापट्या, तलवार, चक्रांग, भुवई ही सगळी त्यातली. अंग पाण्यात खोल बसलेलं, शेपूट पाण्याला टेकलेली आणि उडण्याआधी पाण्यावरून धावत जाणारी ती बुड्या मारणारी. लालसरी त्यांतली. ही बहुधा नंतर, थंडी पडल्यावर येतात.

इथे तो कपड्यांचा घोटाळा येतो. उत्तरेकडे विणीचा हंगाम संपला की बदकांची पिसं गळतात, आणि उडायची मोठी पिसं तर एकदमच गळतात, त्यामुळे तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्या काळात भडक रंग म्हणजे कोल्ह्याला आमंत्रण. म्हणून नर मादीसारखा तपकिरी वेष चढवतो. पक्षीनिरीक्षक याला एक्लिप्स म्हणतात. ग्रहण लागलेला नर म्हणा. उडायची पिसं परत येतात, बदक हजारो किलोमीटर उडून मध्य आशियाकडून आपल्याकडे पोचतं, पण ग्रहण सुटायला आणखी वेळ लागतो. म्हणून ऑक्टोबरात भुवई बदकाला भुवई नसते, आणि तलवार बदकाकडे तलवार नसते.

भुवई सगळ्यांत आधी येतं, सप्टेंबरातच. नराच्या डोळ्यावरची जाड पांढरी भुवई बहुतेक सगळा हिवाळा गायब असते, परतीच्या वेळेला उगवते. तोवर चेहऱ्याकडे बघा: डोळ्यातून एक गडद पट्टा, त्याच्या खाली गालावर दुसरा, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. पट्टेरी तोंडाचं लहान बदक म्हणजे भुवई. तेवढंच लहान, पण चेहरा साधा आणि पंखावर हिरवं ठिगळ असेल तर चक्रांग. मात्र उडालेल्या नर भुवईच्या पंखाचा पुढचा भाग राखी-निळा दिसतो. ग्रहणातही ती खूण पुसली जात नाही.

तलवार ओळखायचं मानेवरून. लांब, बारीक, सडसडीत मान. थव्यात कोणीतरी उगीच टाचा उंच करून बघतंय असं वाटतं. शेपटीची तलवार नसली तरी शेपूट टोकदारच असते. चोच राखी.

थापट्याला तर लपता येणंच शक्य नाही. डोक्यापेक्षा लांब, टोकाला पसरट, गवंड्याच्या थापीसारखी चोच. तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. तोंडात पाणी घेतो, दात्यांतून गाळून सोडतो, आत राहिलं ते खातो. चोच पाण्यावर सपाट ठेवून डावीकडे-उजवीकडे हलवत, पाच-सहा जण एकामागून एक गोल फिरत असतात. पुढच्याच्या पायांनी वर आलेला गाळ मागच्याच्या चोचीत. एकदा हे भोवऱ्यासारखं फिरणं पाहिलं की तुम्ही थापट्याला कितीही लांबून ओळखाल.

आणि माझी ती चूक. प्रौढ नर थापट्याचा डोळा पिवळा असतो, ग्रहणातसुद्धा. मादीचा सहसा गडद. त्या रविवारी तेरांपैकी जवळ आलेल्या दोघांचे डोळे चक्क पिवळे होते, भाच्याने विचारलंही होतं, "यांचे डोळे असे का?" मी म्हटलं ऊन पडलंय. डिसेंबरात त्याच कोपऱ्यात हिरव्या डोक्याचे, विटकरी कुशीचे नर फिरताना पाहिले तेव्हा माझ्या डोक्यात ऊन पडलं. त्यात पहिल्या वर्षाची पिल्लंही असणार, म्हणजे किती नर, किती मादी हे आता देवालाच ठाऊक.

बाकीचे, भराभर

काळा, गुबगुबीत, कपाळावर पांढरा टिळा असलेला पोहणारा पक्षी बदक नाही, वारकरी. कपाळावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यामुळे ओळख पक्की. लहानसा, बुडी मारून भलतीकडेच निघणारा टिबुकली. त्याची लालसर मान ऑक्टोबरात फिकट पडत जाते. झाडाच्या वठलेल्या फांदीवर पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा. त्याची पिसं पाणी शोषतात, म्हणून बुडी सोपी जाते आणि नंतर असं वाळत बसावं लागतं. मानेचा नुसता एस पाण्याबाहेर दिसला आणि लोकांनी साप-साप म्हटलं तर तो तिरंदाज.

पानांवर चालणारा कमळपक्षी दोन प्रकारचा. त्यातल्या लांब शेपटीच्याची लांब शेपूटही पावसाळ्यापुरतीच. हिवाळ्यात आखूड शेपटीचा, वरून तपकिरी, छातीवर काळ्या गोफासारखा पट्टा असलेला पक्षी दिसेल. नावाकडे दुर्लक्ष करा, त्याच्या लांबलचक बोटांकडे बघा. गुलाबी काठ्यांवर उभा केल्यासारखा शेकाट्या. चोच मिटली तरी मधे फट राहणारा मुग्धबलाक. त्या फटीचा उपयोग त्याला गोगलगायी धरायला होतो. शेपूट सतत वरखाली आपटणारा धोबी. पिवळा असेल तर पाहुणा, आणि मोठा, काळापांढरा, पांढऱ्या भुवईचा असेल तर इथलाच. तारांवर रांगेने भिंगऱ्या. पिंपळावर, वडावर कलकलाट ऐकू आला तर भोरड्या आल्या असतील.

नीलकंठ तलावापेक्षा वाटेतल्या शेतावरच्या तारेवर जास्त भेटतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. पिंजऱ्यातला दाखवून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तो पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि पंख बांधलेल्या पक्ष्याचं दर्शन शुभ कसं असेल ते मला कळलेलं नाही.

वही

तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, पाणी किती. मग पक्षी आणि आकडा. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. नाव आलं नाही तर जागेवरच चित्र काढा, वाईट चालेल: चोच कशी, पाय कसे, शेपूट वर की खाली. फोनमधल्या मर्लिनला, म्हणजे पक्षी ओळखणाऱ्या ॲपला, फोटो दाखवा, आवाज ऐकवा, पण वहीत आपलं उत्तर आधी लिहून मगच. नाहीतर सहा महिन्यांनी फोन तरबेज होतो आणि आपण होतो तिथेच. घरी येऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली की ती जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. ऑक्टोबरच्या एका शनिवारी जगभर 'ऑक्टोबर बिग डे' असतो, पहिली यादी त्या दिवशी टाका. सोबत पुष्कळ असते.

काय करायचं नाही

पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. फोटोसाठी थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. तो आताच हिमालय ओलांडून आलेला असू शकतो, त्याला दम घेऊ द्या. आणि इंदूरकरांना हात जोडून: शेव पोह्यांवर घाला, पाण्यात टाकू नका. मीठ, मसाला, तळलेलं बेसन हे बदकाचं खाणं नाही. ज्या भियाला हे सांगितलं तो मला म्हणाला, "दीदी, लौंगवाली नहीं है, सादी है." सादीसुद्धा नको.

पुढच्या खेपा

एकाच तलावावर, एकाच कोपऱ्यात, दर पंधरा दिवसांनी जा. सप्टेंबरअखेर भुवई आणि पिवळे धोबी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान चक्रांग, थापट्या आणि तलवार, नोव्हेंबरात थंडीबरोबर लालसरी. पाऊस कसा झाला त्यावर हे आठवडे पुढेमागे होतात. चार-पाच खेपा सिरपूरला झाल्या की इंदूरजवळचाच यशवंत सागर तलाव. तो सिरपूरच्या पाचपट मोठा, आणि मध्य भारतातल्या सारसांचं ते हक्काचं ठिकाण.

नोव्हेंबरअखेर थापट्यांच्या थव्यात अर्धवट रंगलेला नर शोधा. डोक्यावर हिरव्याचे ठिगळ-ठिगळ, छातीवर पांढऱ्याचा एखादा फराटा, बाकी सगळा अजून तपकिरी. भाच्याने गेल्या वर्षी तसा एक शोधला, पेन्सिलीने रेखाटला, मग पानं उलटून दिवाळीच्या रविवारी गेला. तिथलं 'मादी' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: मावशीने सांगितलं होतं.